डाव्या कुशीवर झोपणारा माणूस

“बूट काढ आणि आडवा हो,” आई म्हणाली.

“इथे?”

“मग काय, उभ्याउभ्या गादी कळते?”

अमरावतीत बडनेरा रोडवर गाद्यांचं एक मोठं दुकान होतं. त्याची रस्त्याकडची भिंत सगळी काचेची होती. मे महिन्याच्या भर दुपारी त्या काचेच्या आत, मोजे घातलेले पाय बाहेरच्या जगाकडे करून मी आडवा झालो. बाहेर थांबलेल्या ऑटोवाल्यानं मला नीट पाहून घेतलं. मग त्यानं दुसऱ्या ऑटोवाल्याला बोलावून दाखवलं.

मी पुण्याहून खास या कामासाठी रजा टाकून आलो होतो. आईनं फोनवर सांगितलं होतं, “नवीन गादी घ्यायची आहे. तू ये. एकटीनं झोपून सगळं कळत नाही.” मी म्हटलं, येतो. एवढ्या सरळ वाक्यात दुसरा काही अर्थ असेल असं मला वाटलं नाही. मी पंपांच्या कंपनीत होतो. आमच्याकडे लोक पंप मागतात तेव्हा त्यांना पंपच हवा असतो.

विक्रेत्याचं नाव लोखंडे. गाद्या विकणाऱ्या माणसाचं आडनाव लोखंडे असावं याचं मला हसू आलं, आईला आलं नाही. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झाली होती. आडनावांचं तिला काही वाटत नसे.

“ही मेमरी फोमची पाहा मॅडम,” लोखंडे म्हणाला. “ही माणसाला लक्षात ठेवते.”

“काय लक्षात ठेवते?”

“अंग जी. अंगाचा आकार.”

“मग नको. माझ्या अंगाचा आकार मीच विसरायला बघते आहे. गादीनं कशाला लक्षात ठेवायचा?”

लोखंडेनं टाय सैल केला. त्यानं आम्हाला पुढच्या गादीकडे नेलं. ती स्प्रिंगची होती. तिच्या एका टोकाला त्यानं पाण्यानं भरलेला ग्लास ठेवला आणि दुसऱ्या टोकाला स्वतः बसून वरखाली उड्या मारल्या. पाणी हललं नाही.

“पाहिलं? एका पार्टनरनं रात्री कितीही हालचाल केली तरी दुसऱ्या पार्टनरला...” इथं त्याच्या लक्षात आलं की समोर एक आई आणि तिचा मुलगा उभे आहेत. त्यानं वाक्य तिथंच सोडलं आणि ग्लासातलं पाणी पिऊन टाकलं.

“ग्लासाला झोप लागत नसते,” आई म्हणाली. “माणूस ठेवून बघू.” तिनं पर्स आणि चष्मा लोखंडेच्या हातात दिला, साडी सारखी केली आणि उताणी झोपून डोळे मिटले. “प्रफुल्ल, तू त्या बाजूला झोप. आता कूस बदल.”

मी कूस बदलली.

“जाग आली,” आई डोळे मिटूनच म्हणाली.

“तू झोपलीच नव्हतीस.”

“झोपले असते तर आली असती. पुढची दाखवा.”

आईच्या शेजारी मी शेवटचा झोपलो होतो तेव्हा मला पुढचे दात नव्हते. आता टक्कल पडायला लागलेलं असताना मी तिच्या शेजारी पडून हुकमावर कुशी बदलत होतो, आणि बाहेर ऑटोवाल्यांची संख्या वाढत होती. तरीही खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. त्याचं कारण असं की मला वाटत होतं, ही गादी माझ्यासाठी आहे.

तसं वाटायला जागा होती. आमच्या घरी बाबांची गादी होती. म्हणजे झोपायचे सगळेच तिच्यावर, पण मत बाबांचं. मऊ गादी माणसाला मऊ करते, हे ते मत. म्हणून ती कापसाची, दाबून दाबून भरलेली, आणि इतकी टणक की तिच्यावर पोळ्या लाटता आल्या असत्या. बाबांना त्यावर पाठ टेकण्याआधी झोप लागायची. बाबा जाऊन काही वर्षं झाली होती, पण गादी होती तिथंच होती. गेल्या दिवाळीत माझी बायको रेणुका आणि मी तिच्यावर झोपलो आणि मी दोन दिवस भिंत धरून चाललो. ते आईनं पाहिलं होतं. तेव्हा ती काही बोलली नव्हती. आता ती डबलबेडची गादी बघत होती. एकटी बाई, तिला कशाला लागते डबलबेडची? उघडच होतं. आम्ही जाऊ तेव्हासाठी. मी गादीवर पडल्या पडल्या ठरवून टाकलं की आता वर्षातून निदान तीनदा अमरावतीला यायचं.

“नेमकी कोणासाठी पाहून राहिले मॅडम?” लोखंडेनं विचारलं. “म्हणजे मला तसं सांगता येईल.”

“एक माणूस हलक्या झोपेचा आहे. खुट्ट झालं की जाग येते. दुसऱ्याचं वजन ऐंशीच्या वर आहे, कमरेत स्लिप डिस्क आहे, आणि तो डाव्या कुशीवर झोपतो.”

“आई, मी पालथा झोपतो,” मी म्हणालो.

“मला माहीत आहे.”

माझं वजन ऐंशीच्या वर होतं. माझी कंबर दुखत होती. कूस तेवढी जुळत नव्हती. वय झालं, आई विसरते, असं समजून मी तिच्याकडे मायेनं पाहिलं.

“आणि घोरण्यावर काही आहे का?” तिनं लोखंडेला विचारलं.

“घोरणं गादीत येत नाही जी. ते उशीत येतं. उशा वरच्या मजल्यावर.”

तो उशांचे नमुने आणायला वर गेला तेवढ्यात मी कोपऱ्यात जाऊन रेणुकाला फोन लावला. म्हटलं, हे सुख तिच्याही वाट्याला यावं.

“आई आपल्यासाठी गादी घेते आहे,” मी हळूच सांगितलं. “दिवाळीत कंबर धरली होती ना माझी, ते तिनं लक्षात ठेवलं.”

“आपल्यासाठी?” रेणुका म्हणाली.

“डबलबेडची.”

“असं त्या म्हणाल्या?”

“म्हणायला कशाला हवं?”

“प्रफुल्ल, तू पाणी पीत राहा. ऊन फार आहे तिकडे,” रेणुका म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. ठेवता ठेवता ती हसत होती की खोकत होती, ते मला तेव्हा कळलं नाही.

मी वळलो तर दुकानाच्या दारातून एक गृहस्थ आत येत होते. सत्तरीच्या आसपासचे, भरलेल्या अंगाचे, पांढरा हाफ शर्ट, डोक्याला उन्हासाठी बांधलेला दुपट्टा. कंबर जपत जपत ते सरळ आमच्या गादीपाशी आले. त्यांनी दुपट्टा सोडून घाम पुसला आणि आईला विचारलं, “इंगोलेबाई, हीच का?”

“हीच वाटते आहे,” आई म्हणाली. “पण तुमच्या कमरेला चालते का बघा, गुल्हाने.”

गुल्हान्यांनी पायातल्या चपला काढल्या. आधी बसले, मग हात टेकून हळूहळू आडवे झाले आणि डाव्या कुशीवर वळले. आईनं पुन्हा चष्मा काढला. या वेळी लोखंडे वर होता, म्हणून पर्स आणि चष्मा माझ्या हातात आला. ती दुसऱ्या बाजूला उताणी झोपली आणि तिनं डोळे मिटले.

“बदलू का कूस?” गुल्हान्यांनी विचारलं.

“बदला.”

गादी दबली, गुल्हाने कण्हत उजवीकडे वळले, परत डावीकडे आले. दुकानातला एसी घरघरत होता. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्या चेहऱ्यावर मला परीक्षा घेणारी बाई दिसेना. नुसती पडलेली बाई दिसत होती.

“जाग आली का, इंगोलेबाई?”

“नाही, गुल्हाने,” आई म्हणाली.

दोन्ही काखांत उशा घेऊन लोखंडे जिन्यावरून खाली आला. त्यानं गादीकडे पाहिलं आणि समाधानानं माझ्या कानाशी विचारलं, “वडील का जी तुमचे?”

“वडील वारले,” मी म्हणालो.

लोखंडेनं परत गादीकडे पाहिलं. एक उशी त्याच्या काखेतून खाली पडली, ती त्यानं उचलली नाही.

“आई,” मी म्हणालो, “हे कोण आहेत?”

आई उठून बसली. चष्म्यासाठी हात पुढे केला, मी दिला. “हे गुल्हाने. एसटीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. पुढच्या महिन्यात आम्ही रजिस्टर लग्न करतो आहोत.”

गुल्हाने घाईघाईनं उठायला गेले, पण कमरेनं साथ दिली नाही. ते आडवे राहूनच मला म्हणाले, “नमस्कार.”

“लग्न?” माझा आवाज चिरकला. “आणि हे तू मला गादीच्या दुकानात सांगतेस?”

“घरी सांगितलं असतं तर तू उठून गेला असतास. उभा माणूस लगेच जातो. म्हटलं, आडवा असताना सांगावं. पण तू नेमका फोन करायला उठलास.”

“आधी लग्नाचं सांगायचं, मग गादी घ्यायची, असं असतं आई!”

“का? लग्न अर्ध्या तासात होतं. झोपायचं रोज असतं.”

“या वयात?”

“झोप या वयातच लागत नाही, प्रफुल्ल. तुझ्या वयात कशावरही लागते.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक आपापल्या घरी झोपतात,” आई म्हणाली.

लोखंडे एकदम मध्ये पडला. “सर, टेन्शन घेऊ नका जी. आमच्याकडे दहा वर्षांची गॅरंटी आहे.” त्याला गादीची म्हणायची होती.

मी तिथून बाहेर पडलो. रागानं, ताठ मानेनं, काचेचं दार ढकलून. पाच-सहा पावलं गेल्यावर लक्षात आलं की आपण मोज्यांवर आहोत आणि खाली मे महिन्यातलं अमरावतीचं डांबर आहे. ज्यांना ते डांबर माहीत नाही त्यांना समजावून सांगणं कठीण आहे. मी आधी एका पायावर उभा राहिलो, मग दुसऱ्या, मग दोन्ही आलटून पालटून. आतून सगळं दिसत होतंच. ऑटोवाले आता मोकळेपणानं हसत होते. परत आत जाणं शक्य नव्हतं. माणसानं ताठ मानेनं बाहेर पडल्यावर बुटांसाठी आत जायचं नसतं. मी उड्या मारत शेजारच्या रसवंतीच्या मांडवात शिरलो आणि तिथल्या ओल्या पोत्यावर उभा राहिलो.

रेणुकाला पुन्हा फोन लावला.

“तुला माहीत होतं?”

“दिवाळीपासून,” ती म्हणाली.

“आणि मला कोणी सांगितलं नाही?”

“तू नाचला असतास.”

“मी आत्ताही नाचतोय!” मी ओरडलो. त्यातला शब्दशः अर्थ तिला पुण्यात बसून कळायला मार्ग नव्हता.

“ओरडून झालं की आईंशी नीट बोल,” ती म्हणाली. “आणि तुला त्या गादीवर झोपायचं नाहीये, तेव्हा फार मतं देऊ नकोस.”

मी फोन खिशात ठेवला तर समोर गुल्हाने. हातात माझे बूट.

“काहून पळून राहिले बाप्पा उन्हात?” ते म्हणाले. “मला वाकता येत नाही. इथून टाकू का खाली?”

टाकले. एक बूट सरळ पडला, एक उलटा. मी ते घातले. राग असताना नाडी बांधणं हे फार अपमानाचं काम आहे. खाली बसावं लागतं, आणि ज्याच्यावर राग आहे तो वर उभा असतो.

“मी तुमची परवानगी मागायला आलो नाही, प्रफुल्लभाऊ,” गुल्हाने वरून म्हणाले. “ते तुमच्या आईचं खातं आहे, त्यात मी पडत नाही. बूट द्यायला आलो.”

“कुठे भेटलात तुम्ही?” मी नाडीकडे बघत विचारलं.

“दवाखान्यात. फिजिओथेरपीच्या. मला कमरेचं वजन लावत, बाईंना मानेचं. शेजारशेजारचे पलंग, मधात पडदा. पहिला महिना आम्ही एकमेकांना पाहिलंच नाही, नुसतं पडल्या पडल्या बोलत होतो. दोघांनाही वजनं बांधलेली. पळून जाता येत नव्हतं.”

मला हसू आलं, ते मी बुटाकडे पाहून जिरवलं.

त्यांनी दोन रस सांगितले. लाकडी बाकावर आम्ही बसलो. ते आधी बसले, मी त्यांना हात दिला. हात का दिला ते मला माहीत नाही, त्यांनी तो मागितलाही नव्हता.

“बाई झोपत नाहीत, हे माहीत आहे का तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“तुमचे बाबा गेले तेव्हापासून. घरात एकट्या. सगळे आवाज कानात जातात म्हणतात. नळ, पाल, दाराची कडी. आयुष्यभर रात्रपाळीत कानाला फोन लावून बसलेली बाई, तिचा कान बंदच होत नाही.”

“मी दर रविवारी फोन करतो. ती म्हणते, मस्त झोपते.”

“तुम्हाला तसंच सांगणार ना. तुम्ही पुण्यात. तुम्ही काय करणार होते?” त्यांनी हे टोमण्यानं म्हटलं नाही. एखाद्या इंजिनात काय बिघडलं आहे ते सांगावं तसं सांगितलं. “मग आम्ही एक केलं. रात्री त्या मला फोन लावतात आणि आम्ही बोलतो. म्हणजे मीच बोलतो. वर्कशॉपचं सांगतो, कोणत्या गाडीचं काय निघालं, क्लच प्लेटी कशा बदलायच्या. क्लच प्लेटींवर आलो की तर पाच मिनिटांत झोपतात. इकडे मला श्वास ऐकू येतो. लागली झोप की मी थोडा थांबतो आणि ठेवून देतो.”

रसवाल्यानं ग्लास आणून ठेवले. घुंगरं लावलेला चरक परत फिरायला लागला.

“पण हे काही खरं नाही,” गुल्हाने म्हणाले. “फोन ठेवला की थोड्या वेळानं त्यांना परत जाग येते, आणि इकडे मी झोपलेलो असतो. म्हणून म्हटलं, एका खोलीत यावं. मग बाई म्हणाल्या, आधी गादी बघू. मी हललो की त्या जाग्या होणार असतील, तर सगळंच फुकट.”

मी रस पिऊन टाकला. बर्फाचा खडा दातात आला तो फोडत बसलो. इतका वेळ ज्याला मी थेरडेपणाचा थिल्लरपणा समजत होतो, तो या माणसाच्या तोंडून दुरुस्तीचं काम वाटत होता. आणि माझी आई मला दर रविवारी ‘मस्त झोपते’ म्हणून सांगत होती, आणि मी ‘छान’ म्हणून पुढच्या विषयाकडे जात होतो.

“तुम्ही घोरता?” मी विचारलं.

गुल्हाने ओशाळले. “हो.”

“मग ती जागी नाही होणार?”

“तेच मी म्हटलं. तर बाई म्हणाल्या, घोरणं चालेल. घोरणं म्हणजे कोणीतरी आहे.”

आम्ही दुकानात परत गेलो. मला वाटलं होतं आई रडत असेल, निदान गप्प बसली असेल. आई गादीच्या मधोमध मांडी घालून बसली होती आणि लोखंडेशी भांडत होती.

“दोन उशा फुकट म्हणजे दोन्ही सारख्या का? माणसं सारखी आहेत का? एक उंच द्या, एक चपटी.”

“तसा सेट येत नाही ना मॅडम.”

“मग सेट फोडा.”

माझ्याकडे तिनं एकदाच पाहिलं, आधी माझ्या तोंडाकडे, मग पायातल्या बुटांकडे. डोळे लाल होते. मी आत यायच्या आधी ती रडली होती की काय, हे मी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नसतंच.

“आई, ही गादी चालणार नाही,” मी म्हणालो.

गुल्हाने दारातच थांबले. आईनं मांडीवरचा पदर मुठीत धरला.

“का?” तिनं विचारलं. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. परवानगी मागत नव्हता तो, पण त्याला उत्तराची भीती होती.

“त्यांना उठता येत नाही हिच्यावरून. मघाशी बघितलंस ना? झोपल्या झोपल्या नमस्कार केला त्यांनी मला. फार मऊ आहे. जरा टणक घे.”

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं नाकातून जोरात श्वास सोडला, पदर सोडला आणि लोखंडेला म्हणाली, “ऐकलं ना? टणक दाखवा. आणि तू काय उभा आहेस प्रफुल्ल? बूट काढ.”

त्या दुपारी आम्ही तिघे आणखी कितीतरी गाद्यांवर झोपलो. शेवटी शेवटी लोखंडेही झोपला, कारण हलणारा माणूस एक कमी पडत होता. काथ्या आणि फोम मिळून केलेली एक गादी ठरली, आणि सेट फोडून एक उंच, एक चपटी उशी.

लग्न जूनमध्ये झालं. साक्षीदार म्हणून मी आणि रेणुकानं सह्या केल्या. जुनी गादी आईनं उसवून कापूस पिंजून घेतला आणि त्याच्या लहान गाद्या करून गल्लीत वाटल्या. कोणाच्या तरी पाळण्यात गेली एक. लोक जे म्हणायचं ते म्हणाले, आणि मग खरोखरच आपापल्या घरी जाऊन झोपले.

पुढे गुल्हाने आमच्यात बरीच वर्षं होते. पण या सगळ्याचं काय झालं असं कोणी विचारलं तर मला आठवतो तो लग्नानंतरचा पहिला रविवार. सकाळचे नऊ वाजून गेले होते. मी नेहमीसारखा आईला फोन लावला. आई पहिल्या घंटीला फोन उचलत असे, नोकरीची सवय होती ती. त्या दिवशी घंटी वाजत राहिली, तुटली. मी पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. तिसऱ्या वेळी कोणीतरी उचलला.

“हॅलो! आई? काय झालं?” मी जवळजवळ ओरडलोच.

“शूऽऽ,” पलीकडून गुल्हाने कुजबुजले. “बाई झोपून आहेत. हळू बोला.”

मी पुण्यात होतो. आई अमरावतीत, आतल्या खोलीत झोपली होती. मधे अर्धा महाराष्ट्र होता.

“बरं,” मी कुजबुजलो, आणि अगदी हळूच फोन ठेवला.